कापडी लंगोट की डायपर? आधी वाळत घालायच्या दोरीकडे बघा

कापडी की डिस्पोजेबल हा वाद बहुतेक घरांत तत्त्वाचा म्हणून सुरू होतो आणि चौथ्या दिवशी वाळत घालायच्या दोरीपाशी येऊन अडतो. त्यामुळे सुरुवात तिथूनच केलेली बरी. नवजात बाळाचा लंगोट दिवसाला 10 ते 12 वेळा बदलावा लागतो, काही महिन्यांनी 6 ते 8 वेळा. धुतलेला लंगोट पूर्ण कोरडा व्हायला तुमच्याकडे किती तास लागतात आणि हे काम रोज नेमकं कोण करणार, एवढं आधी ठरवा. वाळायला दिवसभराहून जास्त लागत असेल आणि धुणारं माणूस एकटी बाळंतीणच असेल, तर पहिले दोन महिने सरळ डायपर वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

किती नग लागतील ते अंदाजाने ठरवू नका. दिवसातले बदल गुणिले (दोन धुण्यांमधले दिवस अधिक वाळायला लागणारे दिवस), वर चार जादा. दिवसाला 8 बदल, रोज धुणं आणि अर्ध्या दिवसात वाळत असेल तर 8 × 1.5 + 4, म्हणजे 16. एक दिवसाआड धुणं आणि वाळायला पूर्ण दिवस लागत असेल तर 8 × 3 + 4, म्हणजे 28. हा फरक लक्षात न घेता बारा-पंधरा नगांचा संच आणला, की तिसऱ्या दिवशी ओलसर लंगोट बाळाला लावायची वेळ येते आणि खापर मात्र कापडावर फुटतं.

दोन्हींच्या आत काय असतं

डिस्पोजेबल डायपरचा सगळा खेळ मधल्या थरात असतो. तिथे लाकडाच्या लगद्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे बारीक कण मिसळलेले असतात. ओलावा लागला की ते फुगून जेलीसारखे होतात आणि दाबलं तरी पाणी सहजी सोडत नाहीत. म्हणून शू केल्यावरही वरचा थर हाताला कोरडा लागतो. बाहेरची पिवळी पट्टी निळी-हिरवी होते ती आत ओलं झालंय एवढंच सांगते. डायपर भरला की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. डायपर फाटून जेलीचे कण अंगाला लागले तर ओल्या फडक्याने पुसून काढा, बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

जाहिरातीत ओततात ते रंगीत पाणी बघून भुलू नका. मिठामुळे या कणांची शोषणशक्ती पुष्कळ कमी होते आणि लघवी खारट असते. घरी तपासायचंच असेल तर 250 मिली पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ विरघळवा. डायपर सपाट पसरून त्यातलं 50 मिली पाणी मध्यभागी ओता, पाच मिनिटं थांबा, टिश्यूची चार पदरी घडी तळहाताने दाबून बघा. मग पुढचे 50. कितव्या वेळी टिश्यू ओला होतो ते बघितलं की दोन कंपन्यांमधला फरक पाकिटावरच्या मजकुरापेक्षा स्वच्छ दिसतो. हीच परीक्षा कापडी इन्सर्टचीही (लंगोटाच्या आत ठेवायच्या शोषक पट्टीची) घ्या, पण एकदाच धुतलेल्या नव्या इन्सर्टची नको. सुती आणि हेंप (भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या) कापडात नैसर्गिक तेलकटपणा असतो. चार-सहा धुण्यांनंतरच ते पूर्ण शोषायला लागतं. "नवा लंगोट पहिल्याच दिवशी गळला" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

कापडीमध्ये चार प्रकार ओळखता आले की पुरे. साधा सुती लंगोट पटकन वाळतो, पण एका शूमध्ये दुपट्यापर्यंत सगळं ओलं. प्रीफोल्ड म्हणजे मध्ये जास्त पदर शिवलेली चौकोनी घडी, वरून वॉटरप्रूफ कव्हर. पॉकेट लंगोटाला आत खिसा असतो, त्यात इन्सर्ट सरकवायचं. आणि ऑल-इन-वनमध्ये सगळे पदर एकत्र शिवलेले असतात. हा शेवटचा घालायला सगळ्यात सोपा आणि वाळायला सगळ्यात हट्टी, दमट हवेत घेऊच नये. प्रीफोल्ड आणि कव्हर ही जोडी सगळ्यात किफायतशीर पडते, कारण कव्हरला शी लागली नसेल तर पुसून, हवा लागू देऊन तेच दोन-तीन बदलांना चालतं.

इन्सर्टचं कापडही बघून घ्या. मायक्रोफायबर झटकन शोषतं आणि लवकर वाळतं, पण बाळ कडेवर बसलं की दाबाने पाणी सोडतं. शिवाय ते त्वचेला थेट लावायचं नाही, अंगातला ओलावाही ओढून घेतं. बांबू आणि हेंप सावकाश शोषतात, पण धरून ठेवतात जास्त. दोन्ही एकत्र वापरायचे तर मायक्रोफायबर वर, हेंप किंवा बांबू खाली, आणि त्वचेच्या बाजूला खिशाचं कापड.

माप आणि घालायची पद्धत

"3 ते 15 किलोपर्यंत एकच माप" असं लिहिलेले टिचबटणांचे लंगोट चार किलोखालच्या बाळाला सहसा बसत नाहीत. मांडीशी फट राहते आणि शू तिथूनच बाहेर येते. त्या काळात प्रीफोल्ड किंवा नवजात मापाचा डायपर बरा. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी चिकट शी कापडावरून निघता निघत नाही, तेव्हा लायनर, म्हणजे त्वचेच्या बाजूला घालायचा, वापरून टाकायचा पातळ थर ठेवा. नाळ पडेपर्यंत पुढची कड दुमडून नाळेच्या खाली ठेवा.

गळती बहुतेक वेळा शोषणामुळे नाही, बसवण्यामुळे होते. कमरेशी दोन बोटं आरामात जायला हवीत. मांडीची झालर आत दुमडली असेल तर बोट फिरवून बाहेर काढा. कव्हर वापरताना आतल्या सुती कापडाची एक कडसुद्धा बाहेर डोकावता कामा नये, तेवढ्या कडेवरून ओल झबल्यात उतरते. मुलगा असेल तर शिश्न खालच्या दिशेला ठेवून लंगोट बांधा, नाहीतर शू थेट बेंबीपाशी येते. मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे. शी पाठीवरून वर चढायला लागली किंवा मांडीवर लाल वळ दिसायला लागले, की माप बदला, पाकिटावर वजन काहीही लिहिलेलं असो.

धुणं

शी आधी संडासात. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती नुसती खळबळून निघते. वरचं अन्न सुरू झालं की लायनरसकट उचलून शी संडासात झटका, लायनर मात्र कचऱ्यात. नंतर गार पाण्यात एकदा खळबळा. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर डाग पक्का बसतो. वापरलेले लंगोट झाकणबंद बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची सवय सोडा. उघड्या टोपलीत पाण्याविना ठेवा, पण दोन दिवसांच्या वर नको.

मुख्य धुणं सुती इन्सर्टसाठी 60 अंशांवर, कव्हरसाठी 40 अंशांवर, पूर्ण मापाची पावडर घालून. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर घालणं ही सगळ्यात नेहमीची चूक. धुऊन आलेल्या लंगोटाला गोठ्यासारखा वास येत असेल तर पावडर कमी पडतेय. वाळलेला चांगला, पण शू होताच नाकात झोंबणारा अमोनिया, तर आत जुनी लघवी किंवा जड पाण्यातले क्षार साचलेत. पावडर वाढवली की खळबळणंही वाढवा: शेवटच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं न विरणारा फेस दिसला तर आणखी एक पाणी काढा.

कपडे मऊ करणारा सॉफ्टनर अजिबात नको. तो धाग्यावर थर देतो आणि पाणी आत शिरेनासं होतं. झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचंही तसंच, म्हणून क्रीम लावलं की मध्ये लायनर ठेवायचा. बांबूचं कापड ओलं असताना कमजोर असतं, करकचून पिळू नका. कव्हर उकळू नका, इस्त्री करू नका. सुती लंगोट कडक उन्हात वाळवा, शीचे पिवळे डाग उन्हानेच फिके होतात.

पुरळ, रात्र आणि हिशेब

पुरळ कापडाने येतं की प्लास्टिकने, यापेक्षा किती वेळ ओलं राहिलं हे महत्त्वाचं. शीतले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, त्याने शीतली पाचक द्रव्यं जास्त तिखट होतात आणि त्वचा सोलवटते. म्हणून कापडी लंगोट दर दोन तासांनी, डायपर तीन-चार तासांनी, आणि शी झाली की लगेच बदला. साधा लालसरपणा उघडं ठेवून आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर देऊन उतरतो. जांघेच्या घड्यांमध्ये भडक लाल आणि भोवती सुटे ठिपके दिसले तर बुरशीची शक्यता जास्त, त्याला वेगळं औषध लागतं. तीन दिवसांत उतार नसेल, फोड, पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांकडे जा.

रात्रीसाठी ढोबळ गणित: तासाला, किलोमागे साधारण 2 मिली लघवी. 8 किलोचं बाळ 10 तास झोपलं तर 160 मिली. दिवसाचं एक इन्सर्ट तिथे पुरत नाही. हेंपचं दुसरं जोडा किंवा रात्रीपुरता डायपर लावा. दिवसा कापडी, रात्री आणि प्रवासात डायपर, ही तडजोड बहुतेकांना शेवटी मानवते. डायपरचा एक तोटा मात्र पहिल्या आठवड्यांत जाणवतो. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत किमान सहा ओले लंगोट म्हणजे दूध पुरतंय, अशी खूण असते, आणि डायपर कोरडा लागल्याने मोजणी चुकते. शंका आली तर कोरडा आणि वापरलेला डायपर काट्यावर तोला, वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली.

पैशांचा हिशेब असा: कापडी संचाची किंमत भागिले (एका डायपरची किंमत वजा एका लंगोटाच्या धुण्याचा खर्च). जेवढे येतील तेवढ्या बदलांनंतर कापडी स्वस्त पडायला लागतात. पर्यावरणाचंही उत्तर धुण्यावरच अवलंबून आहे. ब्रिटनमधल्या 2008 च्या सरकारी अभ्यासात सरासरी वापरात दोन्हींचा कार्बन उत्सर्जनाचा भार जवळपास सारखाच निघाला. पण भरलेल्या मशीनमध्ये धुणं, दोरीवर वाळवणं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरणं, एवढं केलं तर कापडीचा भार सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. ड्रायरमध्ये वाळवलेल्या लंगोटांनी पर्यावरण वाचवायच्या गप्पा म्हणूनच फारशा टिकत नाहीत.

डायपर टाकतानाही शी आधी संडासात झटकायची, मग डायपर आतल्या बाजूला घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करायचा आणि कागदात बांधून कचऱ्यात टाकायचा. फ्लश कधीच करू नका. तेच कण पाइपात फुगतात आणि प्लंबर बोलवावा लागतो.