सिम्युलेशनमध्ये इंडक्टरचा फेज शिफ्ट कसा मोजायचा, आणि उत्तर चुकतं ते नेमकं कुठे

फेज शिफ्ट (करंट व्होल्टेजच्या किती मागे किंवा पुढे आहे, अंशात) मोजणं म्हणजे खरं तर एक वजाबाकी आणि एक गुणाकार, बस. तरी उत्तर चुकतं, कारण चूक मोजताना होतच नाही, ती आधीच झालेली असते. कुठला व्होल्टेज घेतला, करंट कुठल्या दिशेने धरला आणि सर्किट स्थिर व्हायच्या आधीच कर्सर (आलेखावरची मोजायची खूण) लावला का, ही तीन कारणं. मी इथे एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेटर धरून सांगतोय, पण दुसरं कुठलं सिम्युलेटर असलं तरी घोळ हेच असतात.

सर्किट असं घ्या की उत्तर आधीच माहीत असेल. १० व्होल्ट पीकचा ५० हर्ट्झचा साइन सोर्स, त्याला सिरीजमध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि ३१.८३ मिलिहेन्रीचा इंडक्टर. ५० हर्ट्झला या इंडक्टरचा रिअ‍ॅक्टन्स (एसी करंटला त्याचा अडथळा) बरोबर १० ओहम येतो, म्हणजे करंट सोर्सच्या ४५ अंश मागे असणार आणि त्याचा पीक साधारण ०.७०७ अँपिअर. हे आलं नाही तर सेटिंग तपासा, थिअरीवर शंका घेऊ नका :)

ट्रान्झियंट अ‍ॅनालिसिसमध्ये (वेळेनुसार व्होल्टेज-करंट दाखवणारं सिम्युलेशन) स्टॉप टाइम २०० मिलिसेकंद द्या, डेटा सेव्ह करायला १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, आणि मॅक्सिमम टाइमस्टेप १० मायक्रोसेकंद टाका. हा टाइमस्टेप लोक रिकामा सोडतात, मग पॉइंट लांब लांब पडतात आणि कर्सर दोन पॉइंटच्या मधल्या सरळ रेषेवर बसतो, अंशाचा काही भाग तिथेच गेला. पहिले १०० मिलिसेकंद टाकून देतो कारण सुरुवातीला करंटमध्ये एक डीसी भाग असतो, तो एल भागिले आर (इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स) या टाइम कॉन्स्टंटने विरतो. इथे हा टाइम कॉन्स्टंट सुमारे ३.२ मिलिसेकंद आहे, म्हणजे डीसी भाग एका सायकलमध्येच जवळजवळ संपतो.

पण रेझिस्टर काढून नुसता इंडक्टर लावलात तर मजा बघा. एलटीस्पाइस इंडक्टरला स्वतःहून १ मिलिओहमचा सिरीज रेझिस्टन्स देतं, त्यामुळे टाइम कॉन्स्टंट होतो जवळपास ३२ सेकंद! करंट ० ते २ अँपिअरमध्येच वरखाली होतो, शून्य ओलांडून खाली जातच नाही, आणि तुम्ही झिरो क्रॉसिंग शोधत बसता. उपाय सोपा आहे, सोर्सचा सुरुवातीचा फेज ९० अंश ठेवा आणि ट्रान्झियंटच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा ऑपरेटिंग पॉइंट वगळा (uic), म्हणजे व्होल्टेज पीकवरून आणि करंट शून्यातून सुरू होतो आणि डीसी भाग तयारच होत नाही.

आता मोजणी. वायरवर क्लिक करून सोर्सचा व्होल्टेज काढा, इंडक्टरवर क्लिक करून करंट. व्होल्टेजच्या नावावर क्लिक केलं की पहिला कर्सर येतो, करंटच्या नावावर राइट क्लिक करून दुसरा कर्सर लावा. दोघांनाही शून्यातून वर जाताना पकडा, पीकवर नको, कारण पीक सपाट असतो, तिथे कर्सर थोडा इकडेतिकडे झाला तरी कळत नाही. आणि शून्य डोळ्याने ठरवू नका, डावा आणि उजवा अ‍ॅक्सिस वेगवेगळे असतात, त्यांची शून्यं समोरासमोर असतीलच असं नाही, कर्सरच्या खिडकीतला आकडा बघा. फरक २.५ मिलिसेकंद यायला हवा. त्याला ५० ने आणि मग ३६० ने गुणा, ४५ अंश. (५० हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश, एवढं लक्षात ठेवलं की कॅल्क्युलेटर लागत नाही.)

९० आलं? मग तुम्ही इंडक्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज घेतलाय. तो करंटच्या ९० अंश पुढेच असणार, रेझिस्टर कितीही असो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

१३५ आलं तर दिशा उलटी आहे. मी एकदा यात अख्खी संध्याकाळ घालवली, इंडक्टरच्या व्हॅल्यू बदलत बसलो, आणि शेवटी कळलं की करंट सोर्सवर क्लिक करून काढला होता. स्पाइसमध्ये सोर्सचा करंट प्लस टोकातून आत जाणारा धरतात, त्यामुळे तो १८० अंश फिरलेला दिसतो. रेझिस्टर किंवा इंडक्टर उलटा ठेवला असेल तरी हेच होतं. क्लिक करायच्या आधी पार्टवर माउसच्या बाणाचा क्लॅम्प (करंट मोजायच्या चिमट्याचं चित्र) होतो, त्यावरचा दिशेचा बाण बघायची सवय लावा.

खात्री करायला एसी अ‍ॅनालिसिस (फ्रिक्वेन्सीनुसार फेज दाखवणारं सिम्युलेशन) चालवा. सोर्सला एसी अ‍ॅम्प्लिट्यूड १ द्या (हे विसरलात तर सगळं शून्य), १ हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ स्वीप करा आणि करंटचा फेज बघा. ५० हर्ट्झला उणे ४५, ५०० ला साधारण उणे ८४. इथे स्थिर व्हायची वाट बघावी लागत नाही, म्हणून बरेच जण थेट हेच वापरतात. फक्त इंडक्टरचा कोअर सॅच्युरेट होणारा (करंट वाढल्यावर इंडक्टन्स घटणारा) असेल तर एसी अ‍ॅनालिसिस त्याला सरळ रेषेसारखाच धरतं, सॅच्युरेशन त्यात दिसतच नाही, तेव्हा परत ट्रान्झियंटकडेच यावं लागतं.