शाळेच्या प्रोजेक्टसाठी वेब पेज बनवताय? चित्रं गायब होण्याआधी हे वाचा
हेडिंग, परिच्छेद, यादी, लिंक एवढं एचटीएमएल तुम्हाला येतं असं मी धरून चालते. येत नसेल तर दोन-चार दिवसांत येईल, त्याचं दडपण घेऊ नका. अवघड ते नाहीच. मी अडकले ते भलतीकडेच, आणि त्या जागी प्रत्येक नवा मुलगा-मुलगी अडकताना बघते म्हणून हे लिहायला बसले.

नववीत जलचक्रावर प्रोजेक्ट केला होता. पाच पानं, अकरा चित्रं. घरी सगळं छान दिसत होतं. फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, लॅबमधल्या कॉम्प्युटरवर लावला, पान उघडलं. मजकूर आला, रंग आले, आणि अकराच्या अकरा चित्रांच्या जागी फाटक्या कागदाचं ते छोटं चिन्ह. मागे अख्खा वर्ग बसलेला. बाईंनी विचारलं, "चित्रं टाकली नाहीस का?" टाकली होती हो, तीन रात्री जागून टाकली होती. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना.

चूक कुठे झाली ते नीट सांगते. वर्डमध्ये चित्र टाकलं की ते त्या फाईलच्या पोटात जातं. फाईल कुठेही न्या, चित्र सोबत येतं. आपल्याला ती सवय असते. एचटीएमएलचं तसं नाही. इमेज टॅगमध्ये चित्र नसतं, चित्र कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो. ब्राउझर पान वाचतो, पत्ता बघतो आणि त्या पत्त्यावर चित्र आणायला जातो. तिथे काही सापडलं नाही की ते फाटकं चिन्ह.

माझी चित्रं डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडलेली. मी काय करायचे, चित्र ब्राउझरमध्ये उघडायचे, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करायचे आणि टॅगमध्ये चिकटवायचे. तो पत्ता 'फाईल' या शब्दाने, कोलनने आणि तीन स्लॅशने सुरू व्हायचा, पुढे सी ड्राइव्ह, माझ्या नावाचा फोल्डर, मग डाउनलोड्स. माझ्या कॉम्प्युटरवर तो शंभर टक्के बरोबर होता. लॅबच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावाचा फोल्डर येणार कुठून?

म्हणून पहिल्या दिवशीच, एक ओळही लिहिण्याआधी, प्रोजेक्टचा एक फोल्डर करा. त्याच्या आत चित्रांसाठी दुसरा. प्रत्येक चित्र आधी तिथे आणून ठेवायचं, मगच टॅग लिहायचा. पत्ता पानापासून मोजायचा: चित्रांच्या फोल्डरचं नाव, स्लॅश, चित्राचं नाव, बस्स. पानच एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये असेल तर एक पायरी बाहेर यायला आधी दोन डॉट आणि स्लॅश. स्लॅश पुढे झुकलेला हवा. विंडोज आपले पत्ते उलट्या स्लॅशने दाखवतं, ते बघून लिहू नका.

खात्री करायला माझ्या दोन चाचण्या आहेत. एडिटरमध्ये कंट्रोल-एफ दाबून 'फाईल' आणि कोलन शोधा, आणि सी ड्राइव्हचं अक्षर कोलनसकट शोधा. प्रत्येक पानात. एकही सापडता कामा नये. मग फोल्डर दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडा. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चाललं म्हणजे झालं, असं कधीही समजू नका. माझा सगळा घात त्यानेच केला.

नंतर माझ्या एका दादाने मदत केली. माझ्या हातातून की-बोर्ड घेतला आणि दहा मिनिटांत अकरा पत्ते दुरुस्त केले. मला तेव्हा तो देवासारखा वाटला. पण मी काय शिकले? काहीच नाही. पुढचा प्रोजेक्ट गिटहब पेजेसवर, म्हणजे आपली साइट इंटरनेटवर ठेवून देणाऱ्या सेवेवर, चढवला आणि तीन चित्रं पुन्हा गायब! या वेळी पत्ते बरोबर होते, फोल्डर बरोबर होता. दोन दिवस मी त्या तीन ओळींकडे बघत बसले. शेवटी दिसलं: कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंच्या नावामागचं जेपीजी कॅपिटल अक्षरांत होतं आणि मी लिहिलं होतं स्मॉलमध्ये. विंडोजला सहसा दोन्ही सारखंच. वेबसाइट जिथे ठेवतात ते सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारे कॉम्प्युटर, बहुतेक विंडोजवर नाही तर लिनक्सवर चालतात, आणि तिथे कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी नावं. तेव्हापासून माझा नियम एकच: सगळी नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नाही, हवाच तर हायफन.

ही चूक शोधायला मला दोन दिवस लागले, कारण ब्राउझरमधली चुका शोधायची खिडकी उघडणारं एफ-१२ बटण ठाऊक नव्हतं. ते दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा. जे सापडलं नाही ते लाल ओळीत दिसतं, साइट नेटवर असेल तर शेजारी ४०४ असा आकडा, आणि ब्राउझरने नेमका कोणता पत्ता शोधला तोही. तो पत्ता मोठ्याने वाचा, अक्षर न् अक्षर. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

म्हणून सांगते, जो तुमच्या हातातून की-बोर्ड घेतो त्याच्याकडून शिकू नका, मग तो कितीही हुशार असो. शेजारी बसून "लाल ओळीत काय लिहिलंय, वाच" म्हणणारा शोधा. एआयकडून अख्खं पान लिहून घेण्याबद्दलही माझं हेच मत आहे. पान मिळेल, पण तुमच्या फोल्डरमध्ये कोणतं चित्र कुठे ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं, आणि ऐनवेळी दुरुस्ती तुम्हालाच करायची असते. न कळलेली ओळ त्याला जरूर विचारा, टाइप मात्र स्वतः करा.

बाकीचं झटपट. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी लागतं, ते बघा. मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र खुणा आल्या तर फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि हेडमध्ये कॅरसेटची, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी, ओळ टाका. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसली तर पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ हेडमध्ये टाकायची राहिलीय. प्रत्येक चित्राला ऑल्ट मजकूर लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो, आणि चित्र आलं नाही तरी तिथे काय होतं ते कळतं. माझ्या अकरा चित्रांना ऑल्ट असता तर बाईंना तो प्रश्न विचारावाच लागला नसता. दुसऱ्याच्या साइटवरच्या चित्राचा थेट पत्ता देऊ नका. लॅबमध्ये इंटरनेट नसलं की तेही गेलं. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या साठ्यातून चित्र उतरवून घ्या, परवाना वाचा, खाली श्रेय द्या.

आणि पान साधं दिसतंय म्हणून खट्टू होऊ नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलेली जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यात मजकूर आणि लिंक एवढंच होतं. इमेज टॅगची कल्पना १९९३ मध्ये मांडली गेली, पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसचं पहिलं मानक १९९६ मध्ये आलं. तुम्हीही त्याच क्रमाने जा: आधी मजकूर, मग चित्रं, मग रंगरूप. पानात हालचाल आणणाऱ्या जावास्क्रिप्टची घाई नको, शाळेच्या बहुतेक प्रोजेक्टना ती लागतही नाही.

जलचक्राचा तो फोल्डर मी अजून ठेवलाय, अकराही पत्ते चुकीचे असलेला. कुणी शिकायला आलं की आधी तोच उघडते, एफ-१२ दाबते आणि की-बोर्ड त्यांच्याकडे सरकवते.