फोटो एडिटिंगसाठी पीसी घेताय? मग या चुका टाळा

तुळशीचं लग्न जवळ आलं की गोव्यातल्या लग्नांच्या फोटोग्राफरांना नव्या पीसीची घाई सुटते. मुहूर्त सुरू व्हायच्या आत मशीन हवं. मी पीसी जुळवून देतो, तर मला यूट्यूबवरच्या एखाद्या गेमरची सुट्या भागांची यादी मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, "दादा, एवढंच बसवून द्या." निम्मं बजेट ग्राफिक्स कार्डात, वर काचेचं कॅबिनेट आणि रंगीबेरंगी पंखे. मॉनिटर? "तो कुठलाही चालेल, घरी जुना आहे."

नाही चालत. मी पाहिलेल्या चुकांत सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

फोंड्याकडच्या एका मुलाने म्हार्दोळचं एक लग्न केलं होतं. अल्बम छापून आला तर नवरीचा हिरवा चुडा काळपट, शालूची जर मातकट, चेहऱ्यांवर संध्याकाळ झाल्यासारखी. त्याने लॅबवाल्याला झापलं आणि अल्बम परत छापून घेतला. पुन्हा तेच. मग पीसीच बिघडलाय म्हणून मला बोलावलं. पीसी ठणठणीत होता. मी फाइल उघडून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळोख-उजेडाचा आलेख पाहिला, तर सगळा ढीग डावीकडे, काळोखाच्या बाजूला. खोलीचे पडदे ओढलेले, आणि गेमिंगचा मॉनिटर 'व्हिविड' मोडमध्ये, ब्राइटनेस शंभरावर. अशा स्क्रीनवर काळोखा फोटोसुद्धा लख्ख दिसतो. त्यामुळे हा पठ्ठ्या प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर खाली ओढत गेला. फाइलमध्ये जे होतं तेच लॅबने छापलं. दुसऱ्या छपाईचे पैसे गेले ते याच्याच खिशातून, वर लॅबवाल्याशी वाकडं आलं ते वेगळंच.

म्हणून पैशांचा हिशेब मॉनिटरपासून सुरू करा. आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा स्क्रीन) आणि शंभर टक्के एसआरजीबी (फोटोंसाठीची रंगांची नेहमीची कक्षा), एवढं तरी हवंच. माहितीपत्रकात '45 टक्के एनटीएससी' (रंगांचं जुनं, टीव्हीचं माप) दिसलं तर पुढे वाचूच नका. त्यात एसआरजीबीच्या दोन तृतीयांशांइतकेही रंग मिळत नाहीत. '72 टक्के एनटीएससी' म्हणजे जवळजवळ पूर्ण एसआरजीबी. ब्राइटनेस 100 ते 120 निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास ठेवा. स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र, म्हणजे कॅलिब्रेटर, विकत घ्यायला जड जात असेल तर चार मित्रांत मिळून एक घ्या, रोज लागत नाही. माझी स्वतःची सवय जुनाट आहे. नीट छापून आलेली एक प्रिंट कायम टेबलाच्या खणात असते. सीझनआधी ती पांढऱ्या उजेडात स्क्रीनशेजारी धरायची, स्क्रीनवर तीच फाइल उघडायची आणि दोन्ही जुळतात का बघायचं. हिस्टोग्रामकडेही डोळा ठेवा, त्याला तुमच्या मॉनिटरशी काही देणंघेणं नसतं.

आता ते लाडकं ग्राफिक्स कार्ड. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 2023 साली आलेला एआय डिनॉइज (फोटोतले दाणे घालवणारा) खरोखर कार्डावर चालतो. काळोख्या हॉलमधले, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवून काढलेले फोटो असतील तर 8 जीबी मेमरीचं मधल्या फळीतलं कार्ड घ्या. पण फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलसाठी (एआयने फोटोत नवं काही भरायची सोय) कार्ड वाढवायला निघालेले भेटले की मी हात जोडतो. ते काम अडोबीच्या सर्व्हरवर होतं, तिथे तुमचं इंटरनेट कामाला येतं. आणि कार्ड घेऊनही 'काही फरक नाही' असं वाटत असेल तर आधी मागे वाकून बघा, बहुतेकदा मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डलाच लावलेली असते.

प्रोसेसरचा सर्वांत वरचा मॉडेल नको, आठ कोअरचा मधला पुरे.

रॅम 16 जीबीवर भागतं, 32 वर सुख आहे. एकच मोठी स्टिक न घेता दोन घ्या.

एसएसडीवर पैसे वाचवू नका. विंडोज, लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि एडिटिंगची नोंदवही) आणि हातातलं काम एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान एसएसडीवर, जुनी लग्नं हार्ड डिस्कवर. 30 एमबीची एक रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली) फाइल धरली तर तीन हजार फोटोंचे 90 जीबी होतात, आणि ते एकाच लग्नाचे. सी ड्राइव्ह लाल होईपर्यंत भरायचा आणि मग फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क फुल' (डिस्कवरची तात्पुरती जागा संपली) म्हणतो म्हणून रॅम मागायची, हे प्रकार बंद करा. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही. इथे घाई करणाऱ्याची मला दया येत नाही.

यूपीएसचं, म्हणजे वीज गेल्यावर पीसी थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याचं नाव यादीत कधीच नसतं. आपल्याकडे पहिल्या पावसात माडाची एक झावळी तारांवर पडली की वीज गुल. लाइटरूमचा कॅटलॉग म्हणजे एक डेटाबेसच असतो. त्यात काही लिहिलं जात असताना वीज गेली तर तो उघडायलाच नकार देऊ शकतो. फोटो डिस्कवर शाबूत, पण केलेलं एडिटिंग गेलं. लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का असं विचारतो, तेव्हा 'स्किप' दाबणारेच पुढे रडत येतात. आणि 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच झेपवतो. ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला 1000 व्हीएच्या पुढचा घ्या, आणि वीज आहे तोवर एकदा यूपीएसचा भिंतीतला प्लग उपटून बघा. काही स्वस्त यूपीएसवर नवे एसएमपीएस (पीसीचे पॉवर सप्लाय) नेमके त्या क्षणी बंद पडतात. लग्नाचं काम हातात असताना ते कळून उपयोग नाही.

शेवटचं, किनाऱ्याकडच्या लोकांसाठी. कळंगुट-कोलव्याच्या खाऱ्या दमट हवेत पावसाळाभर बंद ठेवलेला पीसी सप्टेंबरात सुरू केला की पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. लगेच नवा मदरबोर्ड घ्यायला धावू नका. वीज पूर्ण बंद करून रॅम काढा, सोनेरी टोकं साध्या खोडरबराने हलकेच घासा, चुरा झटका आणि 'टक' वाजेपर्यंत परत बसवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पुढच्या पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर मशीन चालू ठेवा. रबर घासून झाल्याशिवाय मला फोन करू नका.