जनगणनेतील घरगुती साधनांचे आकडे कसे वाचावेत

घरोघरी कोणती साधने आली आणि कोणती मागे पडली हे तपासायचे असेल, तर २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे तक्ते शेजारी ठेवावेत. देशात टीव्ही असलेली कुटुंबे ३१.६ वरून ४७.२ टक्क्यांवर गेली, रेडिओ मात्र ३५.१ वरून १९.९ टक्क्यांवर घसरला. केवळ टक्केवारीवर विसंबू नये: सायकलीचे प्रमाण ४३.७ वरून ४४.८ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच दिसत असले, तरी एकूण कुटुंबे सुमारे १९.२ कोटींवरून २४.७ कोटींवर गेल्याने सायकल असलेली अडीच कोटींहून अधिक घरे वाढली, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. २०११ मध्ये दूरध्वनी असलेल्या ६३.२ टक्के कुटुंबांत केवळ मोबाईल असलेली कुटुंबे एकूण कुटुंबांच्या ५३.२ टक्के होती, म्हणून मुख्य रकान्याखालचे पोट-रकानेही पाहावेत. संगणकाचा रकाना २००१ मध्ये नव्हता. तेथे तुलना करू नये.