व्हॅनचे स्पीकर बदलताना

गुहागरच्या खाऱ्या वाऱ्यानं आमच्या कॅम्पर व्हॅनचे कागदी कोनचे (म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याचे) स्पीकर दोन पावसाळ्यांत गेले. आता बोटींसाठी बनवलेले, पॉलिप्रॉपिलीन कोनचे ६.५ इंची घेतलेत. महाग, पण टिकतात.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नवी वायर कलईच्या तांब्याची घ्या. साधं तांबं इथं हिरवं पडतं. अ‍ॅम्प्लिफायर दिवे-पंख्यांच्या वेगळ्या बॅटरीवर जोडा, म्हणजे रात्री भजनं ऐकूनही सकाळी गाडी सुरू होते. फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर. मी तो अ‍ॅम्प्लिफायरपाशी लावला होता. बॅटरी आणि फ्यूजच्या मधेच वायर पत्र्याला घासली आणि डिकीतल्या फणसाच्या घमघमाटावर जळकं प्लॅस्टिक चढलं! ४ ओहमचे (ओहम म्हणजे विद्युतरोधाचं माप) दोन स्पीकर समांतर जोडले तर २ ओहम होतात, ते अ‍ॅम्प्लिफायरला झेपतं का बघा. दोन्ही स्पीकरांचे प्लस-मायनस जुळवा, नाहीतर पखवाजाचा घुमारा गायब.