दीड-दोन वर्षांचं पोर आणि आजी-आजोबा घेऊन माथेरान : चालायचं कसं, राहायचं कुठे, दिवस कसा लावायचा

आमच्या घरात मुलगी 22 महिन्यांची, सासूबाई (म्हणजे आई) 68 च्या आणि बाबा 72 चे. डिसेंबरात तीन रात्री माथेरानला जाऊन आलो आणि आल्यापासून नात्यातले, सोसायटीतले सगळे एकच विचारतायत की एवढ्या लहान बाळाला आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे करता काय, तिथे तर सगळं चालावं लागतं. अहो चालावं लागतं म्हणूनच तर गेलो! गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे अँब्युलन्स सोडली तर पेट्रोल-डिझेलची गाडी नाही. म्हणजे बाळाचा हात सोडून त्याला रस्त्यावर मोकळं चालू देता येतं, आणि ही चैन आम्हाला डोंबिवलीत वर्षभर मिळत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण पहिल्या दिवशी माझं तिथेच चुकलं. मी मनात प्लॅन असा केला होता की आम्ही दोघं पॉइंट बघून येऊ, आई-बाबा रूमवर बाळाजवळ बसतील, त्यांनाही आराम. पहिल्या दुपारी निघताना आई एवढंच म्हणाल्या, "अगं, मला खोलीत बसायला इथवर आणलंस का? खोली घरी पण होती की." त्या क्षणी प्लॅन बदलला. आजी-आजोबा म्हणजे फुकटची पाळणाघरं नाहीत, त्यांनाही फिरायचं असतं, फक्त त्यांच्या वेगाने. आणि गंमत म्हणजे दोन वर्षांच्या पोराचा वेग आणि दुखऱ्या गुडघ्याचा वेग जवळपास सारखाच असतो, दोघांनाही दर पाच मिनिटांनी थांबायचंच असतं. त्यामुळे ग्रुपचा वेग त्यांचा ठेवा, म्हणजे तरुण मंडळींनी कमी चालायचं, आजी-आजोबांनी जास्त चालायचं नाही.

जायचं कसं. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने घाट चढून दस्तुरी. घाट वळणावळणाचा आहे, बाळाला निघायच्या आधी पोटभर दूध पाजू नका, दीड-दोन तास आधीच काय ते खाऊ घाला. दस्तुरीला प्रवेशकर भरायचा आणि जवळच्याच अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेन पकडायची, पंधरा-वीस मिनिटांत माथेरान स्टेशन, म्हणजे थेट बाजारात. नेरळवरून वरपर्यंत येणारी मोठी सफर आहेच, 1907 साली सुरू झालेली दोन फूट रुंदीची लाइन, साधारण 21 किलोमीटर, पण तिला अडीच तासांच्या वर लागतात आणि एवढा वेळ त्या छोट्या डब्यात चालायला नुकतंच शिकलेलं पोर मांडीवर धरून बसणं सगळ्यांनाच जड जातं. माझं मत विचाराल तर या वयात शटलच बरी, झुकझुक गाडीची हौस तेवढ्यात पूर्ण भागते. पावसाळ्यात खालची लाइन बंदच असते, आणि तसंही धुकं, निसरडं, बरीच हॉटेलं बंद, म्हणून जून ते सप्टेंबर हा बेत नकोच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा.

सामानाला दस्तुरीला हमाल करा, रेट आधी बोलून घ्या. बॅग स्वतः ओढत न्यायच्या भानगडीत पडलात तर बाळाला घ्यायला हात राहत नाही. आईंसाठी ई-रिक्षा मिळते का ते हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून विचारा, संख्या कमी असते आणि वेळाही ठरलेल्या असतात. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय, त्यामुळे त्या धरून बेत आखू नका.

हॉटेल बुक करताना फोटो आणि स्विमिंग पूल नंतर बघा, फोनवर चार प्रश्न विचारा. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, रूम तळमजल्याला मिळेल का, कमोड आहे का, गरम पाणी किती ते किती. आम्ही बाजाराच्या जवळचं घेतलं. दूरच्या प्रॉपर्ट्या शांत असतात हे खरं, पण रात्री आठला बाळाला ताप आला आणि औषधाचं दुकान अर्ध्या तासावर असलं तर त्या शांततेचं काय करणार.

आता बाळाला न्यायचं कसं. स्ट्रोलर घरीच ठेवा, लाल माती, मुळं, दगड, चाकं अडकतात. कमरेला पट्टा असलेलं कॅरियर घ्या आणि जायच्या आधी दोन-तीन आठवडे संध्याकाळी बाळाला त्यात घेऊन भाजी आणायला जा, म्हणजे बाळालाही सवय आणि तुमच्या पाठीलाही. आमची 11 किलोची आहे, अर्ध्या तासाला आम्ही दोघं आलटून पालटून घेत होतो. नियम एकच ठेवला होता, झाडीतल्या सपाट वाटेवर तिने मोकळं चालायचं आणि पॉइंट जवळ आला की कॅरियरमध्ये. सगळ्या कड्यांना रेलिंग नाही, आणि जिथे आहे तिथेही दांड्यांमधून एवढंसं पोर सहज निघेल. ती कितीही रडली तरी यात सूट दिली नाही.

घोडे रस्त्याच्या मधूनच येतात, कधी कधी दौडतही, म्हणून वळणावर बाळ नेहमी कडेच्या बाजूला, मोठं माणूस रस्त्याच्या बाजूला. घोड्यावर पुढ्यात बाळ घेऊन बसू नका, कुणी कितीही सांगू दे. आणि माकडं! मुलीच्या हातातलं मारी बिस्कीट एका माकडाने असं अलगद ओढून नेलं की तिला काही लागलं नाही, पण नंतर दिवसभर ती मूठ घट्ट मिटून चालत होती, बघून जीव तुटला. खाऊ हातात द्यायचाच नाही, प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढायचीच नाही, सगळं चेन लावलेल्या सॅकमध्ये, आणि खाणं फक्त रूमवर किंवा हॉटेलात.

आजी-आजोबांच्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. दोघांना एकेक काठी, शक्यतो ट्रेकिंग पोल, उतारावर ती थोडी लांब करायची आणि सरळ न उतरता तिरकं तिरकं उतरायचं. चपला, सँडल नकोत, जुने वापरलेले बूट हवेत, नवे कोरे अजिबात नको. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा आणि थोड्या सॅकमध्ये सोबत, कारण गंभीर काही झालं तर खाली नेरळ-कर्जतलाच उतरावं लागतं.

दिवस आम्ही असा लावला. पहाटे बाबा आणि नवरा पॅनोरमा पॉइंटला सूर्योदयाला गेले, ते लांब आहे म्हणून बाळाला नेलंच नाही. परत आल्यावर 72 वर्षांच्या माणसाचा चेहरा असा होता की चहा गार होईस्तोवर सांगतच होते. साडेआठ ते साडेअकरा सगळे मिळून एकच ठिकाण. दुपारी जेवण आणि बाळाची झोप, तेव्हा एक मोठं माणूस रूमवर आणि बाकीचे मोकळे, पाळी रोज बदलायची. संध्याकाळी बाजार, पेमास्टर पार्क, बस. सनसेटचा मोह आवरा, परतीची वाट झाडीतून अंधारात येते, आजीच्या पायाखालचं दिसत नाही. जायचंच तर प्रत्येकाच्या हातात टॉर्च.

ठिकाणं निवडताना पहिल्या दिवशी बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट, पाय किती चालतात त्याचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी अलेक्झांडर पॉइंट, समोर खोल दरी आणि गारबेटचं पठार, आई तिथे अर्धा तास बसून होत्या. तिसऱ्या दिवशी शार्लोट लेक आणि काठावरचं पिसरनाथाचं देऊळ, जमलं तर पुढे इको पॉइंट. तलावात पोरांना उतरवू नका, गावाचं पिण्याचं पाणी आहे ते आणि खोलही आहे. यादीतले बाकीचे पॉइंट सोडून द्या, अहो तीसच्या वर आहेत.

आणि वाटेतल्या वेळेचा हिशोब करूच नका. शार्लोटच्या वाटेवर मुलगी खाली बसली, लाल खडे वेचायला लागली. बाबा शेजारी दगडावर बसले, तिने एक खडा द्यायचा, त्यांनी तो रांगेत लावायचा, ती मोजायची, "एक, दोन, पाच". शंभर पावलांना चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आईंना वर झाडात शेकरू दिसलं, केवढी ती शेपटी! पॉइंट नंतर बघूनच घेतला की, शेकरू नव्हतं मिळालं आधी कधी.

जेवणाचं सोपं ठेवा. छोटी इलेक्ट्रिक किटली, मेतकूट, तुपाची बाटली, भाजून दळलेली मुगाची खिचडी पावडर एवढं नेलं, हॉटेलकडून मऊ भात मागून घ्यायचा. चिक्की सगळीकडे दिसेल पण या वयाच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि चिक्की देऊ नका, घशात अडकते. ओआरएसची पाकिटं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, टोपी, आणि संध्याकाळसाठी स्वेटर, 800 मीटर उंचीवर डिसेंबरात चांगलं गार पडतं.

कपडे मात्र जुनेच न्या, पांढरं तर काहीच नको. ती लाल माती मोज्यातून, नखांतून, बाळाच्या कानामागूनसुद्धा निघते. घरी आल्यावर कपडे आधी कोरडेच झटका, मग गार पाण्यात वेगळे भिजत घाला, बाकीच्या धुण्यात टाकलेत तर सगळंच गुलाबी होईल.