कतीरा भिजवताना पाणी भरपूर घ्या

उन्हाळ्यात इंदूरच्या सियागंज बाजारातून कतीरा, म्हणजे पाण्यात फुगणारा खाण्याचा डिंक, आणलात, तर तो लाडवांचा डिंक समजून तुपात तळू नका. लाडवांना बाभळीचा किंवा धावड्याचाच डिंक हवा, तो तुपात छान फुलतो. कतीरा फुलतो पाण्यात. लहान चमचाभर खडे दोन मोठे पेले पाण्यात रात्री टाकून ठेवा. सकाळी भांडं भरून पांढुरका, थरथरता लगदा दिसेल. त्यातले काडी-कचऱ्याचे कण वेचून काढा आणि दोन चमचे लगदा लिंबाच्या नाहीतर वाळ्याच्या सरबतात घाला. लहान मुलांना हे फार आवडतं. मात्र पुरता न फुगलेला खडा कुणालाही देऊ नका, घशात फुगून अडकू शकतो.

खरा कतीरा इराणकडच्या डोंगराळ भागातल्या काटेरी झुडपांचा. मुळाला, खोडाला चीर दिली की चीक पाझरतो आणि वाळून त्याच्या वेड्यावाकड्या पट्ट्या होतात. आपल्याकडे त्याच नावाने बरेचदा कुल्लू नावाच्या झाडाचा डिंक मिळतो. हे झाड आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलांतलंच. पुडी उघडून हुंगा: व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो बहुधा कुल्लूचा. तोही खाण्यातलाच, पण सरबतात मला बिनवासाचाच बरा वाटतो.